तिवराच्या फुलावरचं यीस्ट

त्या सोमवारी भालचंद्र हडकर अकराव्या माडावरून खाली उतरले, तेव्हा त्यांची मुलगी अंगणात उभी राहून घड्याळ बघत होती.

"काय गो, जावची घाई झाली?" कमरेच्या आकडीतली कोयती काढून ओट्यावर ठेवत त्यांनी विचारलं. खांद्यावरचं मडकं मात्र त्यांनी अलगद, दोन्ही हातांनी खाली ठेवलं. मडकं ठेवताना ते नेहमी जरा वाकत, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसे.

"गाडी रस्त्यावर थांबलीय, बाबा. संध्याकाळी गोव्यात परिषद आहे."

"मगे ड्रायव्हराक आत बोलव. आंबोळी खाईत तो."

"नको. त्याला घाई आहे."

ड्रायव्हरला कसलीच घाई नव्हती. नारळाची एक बाग बघून तासाभरात येते, असं केतकीने त्याला सांगितलं होतं. गाडी तिने मुद्दाम वळणाच्या अलीकडे लावायला लावली होती, कारण वळणाच्या पलीकडे शेवंताकाकीचं दुकान होतं आणि त्यावर हिरव्या रंगात, हात हातभर अक्षरांत पाटी होती : 'भालू हडकर यांची ताजी माडी'.

भालू सहासष्ट वर्षांचे होते. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या माडबावात त्यांच्याइतका हलक्या हाताचा माडी काढणारा दुसरा नव्हता. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, कागदाएवढा पातळ काप काढत तासायची, खाली मडकं बांधायचं आणि रात्रभर ठिबकलेली माडी सकाळी उतरवायची. हे काम त्यांच्या बापाने केलं होतं, आज्याने केलं होतं. केतकीच्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून आंबोळ्याही तेच घालत. पिठात माडी घालून आंबवलेल्या त्या आंबोळ्या पुण्यात कुठेही मिळत नसत आणि केतकीनेही त्या कुठे शोधल्या नव्हत्या.

तिला वाढता वाढता ते एकदम थांबले, वाकले आणि त्यांनी नाकाने एकदाच श्वास ओढला.

"तुझ्या कपड्यांक आपल्या मडक्याचो वास येता," ते म्हणाले आणि हसले.

केतकीचा घास हातात राहिला. "काहीतरीच काय, बाबा! ब्रुअरीचा वास आहे तो. सगळ्याच ब्रुअरींत येतो."

"असात. माका काय कळता तुमच्या बियरीतला."

तिने पिशवीतून 'खाजण' या तिच्या बिअरची बाटली काढून त्यांना दिली. येईल तेव्हा ती एक बाटली आणत असे. ही सहावी. त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली, उजेडात धरली आणि लेबलावर काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणाले. चष्मा सापडत नव्हता.

तिने भरभर वाचलं. "'कोकणच्या खाजणात, तिवराच्या एका फुलावर वाऱ्याने आणून सोडलेलं यीस्ट. आमच्या यीस्टशोधकाने ते टिपलं आणि तुमच्या पेल्यात आणलं.'"

"तिवराच्या फुलावर," भालू म्हणाले. बाटली त्यांनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. "बरा असा."

निघताना त्यांनी एका बाटलीत सकाळची माडी भरून दिली. ती तिने परत केली. गाडीत वास येईल, म्हणाली. त्यावर त्यांनी बूच घट्ट लावलं आणि बाटली स्वतःच्या काखेत धरून ते वळणापर्यंत पोचवायला आले. वळणापाशी तिने त्यांना थांबवलं.

"इथूनच जा ना, बाबा. उन्हाचं कशाला."

ऊन अजून चढलेलं नव्हतं. ते थांबले. "जपान जा गो बाय," म्हणाले.

सगळं सुरळीत असलेला तो शेवटचा दिवस. केतकीने पुढे कितीदा तरी त्या दिवशीची ती पन्नास पावलं मनात चालून पाहिली. त्यांच्यासोबत, गाडीपर्यंत.

*

केतकी पुण्यात बिअर बनवायला शिकली, तेव्हा या धंद्यात माणसाच्या जिभेला मान होता. कोल्हापूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकून ती 'आंबवण' नावाच्या छोट्या ब्रुअरीत लागली. पहिली दोन वर्षं तिने टाक्या घासल्या, जवाच्या माल्टची पोती उचलली आणि गमबुटांत पाय कुजवले. मग हळूहळू तिच्या हातात पाककृती आल्या. बिअरला कडवट चव देणारी हॉपची फुलं कुठली, किती, कितव्या मिनिटाला, किती तापमानाला, हे ती नाकाने आणि अंदाजाने ठरवू लागली. लोक तिला ब्रुअर म्हणू लागले.

मग स्वतः शिकणाऱ्या टाक्या आल्या. तापमान, आंबटपणा, साखर, सुगंध, सगळं दर सेकंदाला मोजायचं आणि लाखभर जुन्या घाण्यांशी ताडून पुढचं पाऊल ठरवायचं, हे त्या टाक्या माणसापेक्षा चांगलं करत. जगातली कुठलीही गाजलेली बिअर कुठल्याही गावात हुबेहूब बनू लागली आणि त्यामुळेच कुणाला तिचं अप्रूप उरलं नाही. तीन वर्षांत पुण्यातल्या निम्म्या ब्रुअरांना घरी बसावं लागलं.

उरला तो यीस्टशोधक. कारण टाकीला सगळं येत होतं, पण जिवंत काही निर्माण करता येत नव्हतं. यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव. साखर खातो, दारू आणि वायू सोडतो आणि जाता जाता शेकडो गंध मागे ठेवतो. प्रत्येक वाणाचे गंध निराळे. पिणाऱ्यांना आता हॉपचं कौतुक नव्हतं. त्यांना गावाकडचं, रानातलं, दुसऱ्या कुणाकडे नसलेलं यीस्ट हवं होतं आणि त्यासोबत एक गोष्ट हवी होती. मोहाच्या झाडाच्या ढोलीत सापडलेलं, करवंदाच्या सालीवर सापडलेलं. ज्याच्याकडे यीस्ट, त्याची नोकरी पक्की.

'आंबवण'चा मालक ऋत्विज सबनीस माणूस वाईट नव्हता. त्याने केतकीला सहा महिने दिले होते. पाच महिने ती सह्याद्रीत फुलं खुडत फिरली. हाती आलं ते सगळं आंबट, कडवट, निरुपयोगी. मग ती गावी गेली.

माडबावात एक रीत होती. जुनं मडकं फुटलं की ते टाकत नसत. त्यातलं एक खापर कुटून नव्या मडक्याला आतून चोळायचं, म्हणजे नवं मडकं पहिल्या दिवसापासून 'लागतं'. वाडीत कुणी नव्याने माडी काढू लागला, तर जुन्या घरातून त्याला खापर द्यायचं. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ती माणसं दोन-तीनशे वर्षं एकच यीस्ट हातोहात जपत आली होती, आणि मडक्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून ते रानटी उरलं नव्हतं. माणसाळलं होतं, मऊ आणि सुगंधी झालं होतं.

भालू माडावर असताना केतकीने पडवीतलं एक खापर रुमालात गुंडाळलं.

त्यातून वाढवलेल्या यीस्टची जनुकं पहिल्यांदा वाचली तेव्हाच तिला दिसलं की त्याची रानात जगण्याची खूण, म्हणजे बीजाणू धरण्याची ताकद, केव्हाच गेलेली आहे. असलं यीस्ट फुलावर सापडत नाही. तिने यीस्टच्या सरकारी नोंदणीच्या कागदावर 'वन्य' असं लिहिलं आणि पुढे तिवराचं फूल लिहिलं.

चोरायचं तिच्या मनात नव्हतं. मागितलं असतं तर बापाने मडकंच काढून दिलं असतं. पण खरं लिहायचं तर मडकं कुणाचं हे लिहावं लागलं असतं, आणि 'आंबवण'मध्ये पहिल्याच मुलाखतीत, इंग्रजी शाळांतून आलेल्या मुलामुलींच्या रांगेत बसून, तिने वडिलांचा व्यवसाय 'बागायतदार' असा सांगितला होता. दारू बनवण्याच्या नोकरीसाठी बाप माडी काढतो हे तिने लपवलं होतं. तिचं तिलाच कधी कधी हसू यायचं, पण ते हसू फार टिकायचं नाही.

*

मंगळवारी दुपारी गोव्यातल्या परिषदेत चहाची सुट्टी झाली होती, तेव्हा तिला स्क्रीनवर यायला सांगितलं गेलं. तपासणी पथकाचं काम होतं आणि ज्या कंपनीचं यीस्ट सापडेल तिच्या तज्ज्ञाने लगेच हजर राहायचं असा नियम होता.

विषारी दारूच्या एका मोठ्या दुर्घटनेनंतर सरकारने ओळखकाडी आणली होती. आगपेटीतल्या काडीपेक्षा थोडी मोठी. कुठल्याही आंबवलेल्या पेयात बुडवायची. काडीच्या टोकातल्या सूक्ष्म भोकांतून यीस्टच्या जनुकांचा धागा सरकतो आणि नऊ मिनिटांत काडी सांगते, हे यीस्ट नोंदणीत कुणाच्या नावावर आहे. उद्देश चांगला होता. पुढे ब्रुअरींनी आपापली यीस्टही त्याच नोंदणीत घालून घेतली, आणि विष शोधायला आणलेली काडी चोर शोधू लागली. काडीला फक्त साम्य कळतं. दोन यीस्ट एकाच घरातली आहेत हे ती छातीठोक सांगते. त्यातली आई कोण आणि लेक कोण, हे तिला कळत नाही.

स्क्रीन उघडली आणि केतकीला शेवंताकाकीचं दुकान दिसलं. बाकावर निरीक्षक सांगळे बसले होते. त्यांच्या मागे हात पुढे बांधून भालू उभे होते. अंगात सदरा घातला होता, वरचं बटण लावून.

"नमस्कार मॅडम," सांगळे म्हणाले. "तुमच्या कंपनीचं 'खाजण सतरा' हे यीस्ट इथे माडीत सापडलंय. सात घरांची मडकी तपासली. सातही घरांत तेच. शंभर टक्के जुळतंय. हा अहवाल तुम्हाला आलाय का?"

"आलाय."

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

सांगळ्यांनी कागदावर लिहिलं, मग वर बघितलं. "तुमचं आडनाव हडकर दिसतंय. हे पण हडकरच. तुमचे कोणी लागतात का हो?"

प्रश्न साधा होता. त्यात संशय नव्हता, नुसती चौकशी होती. केतकीच्या मागे चहाचे कप घेऊन माणसं उभी होती. त्यांत बिअर चाखणारे दोन परीक्षक होते आणि जरा दूर ऋत्विज होता. ऋत्विज ऐकत नव्हता. ऐकू शकला असता, एवढंच.

"त्या भागात खूप हडकर आहेत," केतकी म्हणाली.

स्क्रीनवर भालूंनी बांधलेले हात सोडले. मग मागूनच ते म्हणाले, "व्हय साहेबानू. अर्धो गाव हडकर असा."

दुकानाच्या आतून शेवंताकाकीचा आवाज आला, "अरे भालू, ती तुझी..."

"शेवंता, तू गप रव!" एवढ्या मोठ्याने बोललेलं त्यांना केतकीने कधी ऐकलं नव्हतं. मग ते पुढे आले आणि हळू आवाजात, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं बोलू लागले. "चूक माझी, साहेबानू. एक पर्यटक इल्लो. तेणी बियरीची बाटली ठेवली. तळाक थोडी उरलली, ती मी मडक्यात ओतलंय. म्हटलंय, बघूया काय होता. माझ्या मडक्यातला बी हेंनी सगळ्यांनी नेला. तेंची काय चूक नाय. ता यीस्ट मॅडमांच्या कंपनीचाच."

सांगळ्यांनी मान हलवली. "मॅडम, असं होऊ शकतं? बाटलीतल्या उरलेल्या बिअरमधून?"

होऊ शकत नव्हतं. हे जगात सगळ्यांत नक्की कुणाला ठाऊक असेल, तर केतकीला. कुणी बाटलीच्या तळातून यीस्ट चोरू नये म्हणून 'खाजण' बाटलीत भरण्याआधी अर्ध्या मायक्रॉनहून बारीक भोकांच्या चाळणीतून गाळली जात असे. यीस्टची पेशी असते पाच मायक्रॉनची. एकही पेशी त्यातून पार होणं शक्य नव्हतं. ती चाळणी केतकीनेच बसवली होती. बाटलीतली बिअर मेलेली होती. ज्याने जन्मभर फक्त जिवंत पेय हाताळलं, पेय म्हणजे जितंच असतं असं ज्याला वाटतं, तोच माणूस असं खोटं बोलू शकतो.

तिला सगळं एकदम कळलं. ते खोटं बोलताहेत हे कळलं, कशासाठी बोलताहेत हे कळलं, आणि काल आंबोळी वाढताना ते का हसले होते तेही कळलं.

"मॅडम?"

"शक्यता नाकारता येत नाही," केतकी म्हणाली.

*

नियमाप्रमाणे सातही घरांची मडकी आणि जपलेली खापरं, आतलं यीस्ट मरावं म्हणून, मोठ्या चुलीवर उकळली. एका वर्षासाठी माडी काढायला बंदी आली. शेवंताकाकीच्या दुकानाची पाटी उतरवली गेली. यात कुणी कुणावर ओरडलं नाही. पथकातल्या माणसांनी मडकी फुटू नयेत म्हणून काळजीसुद्धा घेतली.

केतकीने चार दिवसांनी फोन केला. चार दिवस ती काय बोलायचं ते ठरवत होती.

"बाबा."

"बोल गो. जेवलंस?"

"बाबा, त्या दिवशी मी..."

"आयक," ते मध्येच म्हणाले. "एक इचारू? तुमच्याकडे ता जिता असा मां?"

कंपनीच्या शीतकपाटात, उणे ऐंशी अंशांत, बोटभर लांबीच्या चाळीस नळ्यांत ते यीस्ट होतं. जगात आता फक्त तिथेच होतं.

"आहे," ती म्हणाली.

"मगे बरा." पलीकडून सुस्कारा ऐकू आला. "माझ्या आज्यान कुडाळासून चालत आणलेला ता खापर. म्हटलंय, माझ्या हातान संपला की काय. तुझ्याकडे असा म्हणजे संपूक नाय."

एवढंच ते त्या विषयावर बोलले. मग पेरूच्या झाडाबद्दल बोलले. केतकीने आणखी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा पेरूबद्दल ऐकून घेतलं.

सात आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास, ओट्यावर बसून कोयतीला धार लावताना भालू एका कुशीला कलंडले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. जिचा उपयोग उरला नव्हता त्या कोयतीला ते रोज धार लावत होते, असं शेजाऱ्यांनी सांगितलं.

तेराव्याला शेवंताकाकी आली. ती केतकीशी बोलली नाही. सगळी पांगल्यावर मात्र ती पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली. सत्तरीची बाई, पण ताठ.

"पथकवाल्यांच्या वहीत काय लिवलेला असा, ठावक हा तुका? 'चोरीची कबुली.' भालून चोरी केल्यान! वाऱ्यान आपल्या अंगणात पडललो दुसऱ्याचो नारळ तेच्या कुंपणात परत टाकणारो माणूस तो." तिने पदराने तोंड पुसलं. "मी त्या दिवशी बोलतलंय होतंय. तेणी माका गप बसवल्यान. नंतर म्हणता कसो, शेवंता, पोरीन येवढा उभा केला हा, आपण कित्याक आड येवचा?"

"काकी, मी..."

"माका नको सांगू. माका सांगान काय होतला?" ती पायरी उतरली, पुन्हा वळली. "सात घरा बसली हत. सांगूचा तर जंय सांगूचा थंय सांग."

ती गेल्यावर केतकी आईबापांचं कपाट आवरायला बसली. वरच्या खणात, आईच्या फोटोशेजारी 'खाजण'च्या सहा बाटल्या एका ओळीत उभ्या होत्या. त्यांच्यावर धुळीचा कण नव्हता. तिने एक एक हातात घेतली. सहाही बाटल्यांची बुचं जशीच्या तशी होती. लेकीची बिअर बापाने कधी उघडलीच नव्हती.

ती नुसती ठेवली होती. पुसून.

*

पाच वर्षं झाली की यीस्टच्या नोंदीचं नूतनीकरण करावं लागतं. संग्राहकाने स्वतः किण्व नोंदणी कक्षात जाऊन उगमाचं निवेदन तोंडी द्यायचं आणि ते ध्वनिमुद्रित करायचं. निवेदन खोटं ठरलं तर नोंद रद्द, आणि यीस्टशोधकाचा परवाना कायमचा जातो. खऱ्या धारकाचं नाव सिद्ध झालं तर त्याच्यावरची बंदी उठते आणि मूळ यीस्ट त्याच्या गावाला परत करावं लागतं. 'खाजण सतरा'ची पाच वर्षं मार्चमध्ये भरली.

त्या सकाळी ऋत्विज तिच्या टेबलापाशी आला. वडील गेल्यापासून तो तिच्याशी फार जपून वागत होता.

"पाच मिनिटांचं काम आहे ते, केतकी. आटपलं की ये, नवा घाणा चाखायचा आहे. आणि हो, तुमच्या बागेचं काय ठरवलंस? एवढी नारळाची बाग, बघणार कोण आता?"

तिने तोंड उघडलं. समोर चाळीस माणसांची ब्रुअरी सुरू होती. काचेपलीकडे कुणीतरी हसत होतं. ज्या माणसाने तिला सहा महिने दिले, तो तिच्या नसलेल्या बागेची काळजी करत होता.

"बाग नाहीये, ऋत्विज," ती म्हणाली. "कधीच नव्हती. आल्यावर सांगते. आल्यावर कदाचित तूच बोलणार नाहीस माझ्याशी."

त्याला काही कळलं नाही. तिने खणातून एक पाकीट काढलं, पर्समध्ये टाकलं आणि ती निघाली.

कक्षात ढमढेरे बाई होत्या. चष्मा कपाळावर, टेबलावर डब्यातली चिक्की. त्यांनी यंत्र सुरू केलं. छोटा लाल दिवा लागला.

"नाव सांगा."

पाच वर्षांपूर्वी तिने 'के. बी. हडकर' असं सांगितलं होतं. "केतकी भालचंद्र हडकर."

"उगम." बाईंनी पडद्यावरचं जुनं निवेदन वाचलं. "'तिवराच्या फुलावरून, खाजण क्षेत्र, वन्य.' कायम ठेवायचं ना? नुसतं होय म्हणा, पुरे होतं."

"नाही."

बाईंनी चष्मा खाली ओढला. "म्हणजे?"

केतकीने पाकीट उघडून टेबलावर ठेवलं. आत, पारदर्शक पिशवीत, तळहाताएवढं काळपट खापर होतं. पिशवीवर तिच्याच अक्षरात तारीख होती. 'खाजण'चा पहिला घाणा निघायच्या पाच महिने आधीची. शेजारी तिने बूच न उघडलेली एक बाटली ठेवली.

"फूल नव्हतंच," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "हे यीस्ट माडबावच्या मडक्यातलं आहे. मी न विचारता घेतलं. त्याच्या जनुकांचा वाचलेला नकाशा तुमच्याकडे आहे. कुठल्याही तज्ज्ञाला दाखवा, ते मडक्यात वाढलेलं आहे हे त्याला दिसेल. पाच वर्षांपूर्वी मलाही दिसलं होतं. आणि या बाटलीतून एकही पेशी बाहेर पडू शकत नाही. गेल्या वर्षी तपासणीत मी शक्यता नाकारता येत नाही, असं म्हटलं. ते खोटं होतं."

बाईंनी चिक्कीचा डबा बाजूला सारला. त्या बराच वेळ टाइप करत होत्या. मग त्यांनी मूळ धारकाचा रकाना उघडला. "कुणाचं मडकं?"

"भालचंद्र हडकर यांचं. आणि वाडीतल्या आणखी सहा घरांचं."

"भालचंद्र हडकर..." त्यांनी नाव शोधलं. "हे यादीत आहेत की. अनधिकृत वापर, स्वतः कबुली." मग त्यांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. केतकीने नाव सांगताना मध्ये काय म्हटलं होतं, ते बहुधा त्यांना आता आठवलं. पण त्या सरकारी नोकर होत्या आणि रकाना भरायचाच होता. त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो सांगळ्यांनी विचारला होता, तितक्याच साधेपणाने.

"तुमचे कोणी लागतात का?"

केतकी काहीतरी बोलली.

"जरा मोठ्याने, मॅडम. यंत्रात नीट आलं नाही."

वळणापर्यंत आलेला, काखेत माडीची बाटली धरलेला माणूस तिला दिसला. तिथेच थांब म्हटल्यावर थांबलेला. गावाची बोली ती अठरा वर्षांत बोलली नव्हती. ती यंत्राकडे थोडी वाकली.

"भालू हडकर माझो बापूस," ती म्हणाली. "माडी काढी. मी तेंचा चेडू."